आठवा रकाना

मासेरूहून छापील तक्ता आलाय, दरवर्षीसारखा.
सभासद किती, बाप्तिस्मे किती, दान किती,
किती जण गेले खाणीत, किती मातीत.
सात रकाने मी कंदिलाखाली भरले.
आठवा : मंडळीची प्रकृती.
चांगली, मध्यम, वाईट. एकावर खूण करा.

बाहेर बर्फ पडतोय. चुलीत शेणी धुमसतायत
आणि पेन हातात तसंच.

मापोलो आणि तिची जाऊ
एका बैलावरून नऊ वर्षं बोलत नाहीत.
पण एकीला खोकल्याची उबळ आली
की दुसरी पाण्याचा डबा सरकवते
न बघता.
हे कुठल्या चौकटीत बसवू?

वडील सेखोबे, चाळीस वर्षं घंटेचा दोर ओढणारे,
मेंढरं राखणाऱ्या पोरांना दारातूनच हाकलायचे.
वास येतो म्हणे, कुत्री आत शिरतात.
मी तेव्हा गप्प राहिलो.
तक्त्यात त्याला जागा नाही, म्हणून इथे लिहितो :
पाळक गप्प राहिला.

आणि पुलाने.
तिचं पोट दिसू लागलं त्या महिन्यात
मी व्यासपीठावरून बोललो. नाव घेतलं नाही.
अकरा बाकांच्या देवळात नाव कशाला घ्यावं लागतं?
पुढच्या रविवारी तिच्या आईने
आपल्या शेजारची हातभर जागा
घोंगडीची घडी ठेवून राखली.
त्या घडीकडे बघत मी सहा उपदेश केले.
सगळे बिनचूक. एकही कुणाला लागला नाही.

मग ओढ्याकाठी थुसो भेटला,
असेल बारा वर्षांचा, रबरी बूट, एकाला भोक.
मेंढीच्या जबड्याला कान लावून बसलेला.
काय ऐकतोस रे?
"रवंथ. चरताना सगळ्याच धडधाकट दिसतात, न्ताते.
बसल्यावर कळतं.
खाल्लेलं परत वर आलं नाही
तर आत काहीतरी बिघडलंय."

त्या रविवारी उपासना सुटल्यावर
दारात हात मिळवत उभा न राहता
मी लोकांच्या मागून उतार उतरलो.
लोकरीचा भाव. वाटेवरचा बर्फ. तेवढंच.
माझे शब्द गिळून झाले होते,
कुणाच्याच तोंडी परत येत नव्हते.

पुलानेने ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.
मक्याच्या कणसांची पाटी पुढे सरकवली.
दुपारभर दाणे काढत बसलो, अंगठ्याची साल निघाली.
उन्हं कलली तेव्हा म्हणालो, चुकलो.
ती म्हणाली,
जिथून ते बोललात, हेही तिथूनच बोला.

बोललो.
सेखोबे उठून बाहेर गेले, टोपी विसरून.
आणि उतारावर त्या दिवशी केवढी भांडणं!
पाळकाने असं वाकावं का, वाकू नये का,
मापोलो ओरडली, वाकावं!
आणि तिची जाऊ, नऊ वर्षांनी, तिच्याकडे तोंड करून :
तुला गं काय कळतंय त्यातलं!

पुलाने पुढच्या रविवारी आली नाही.
त्याच्या पुढच्याही नाही.
तिसऱ्याला आली, पोटावर घोंगडी पुरत नव्हती तिला,
मागे दाराशी, पोरांच्यात टेकली.
आईने ती घडी उचलली, मागे पाठवली
हातोहात, बाकावरून बाकावर.
सेखोबेंच्या हाती आली तेव्हा
ते थांबले जरा. कापड चाचपलं. मग पुढे दिली.
कुत्रं मात्र अजून खपत नाही त्यांना.

वात भुरभुरतेय, रॉकेल संपत आलं.
सकाळी टपाल घेऊन घोडा खाली जाईल.
तिन्ही चौकटी कोऱ्या सोडून
मी कडेला लिहितो, बारीक अक्षरात :
रवंथ चालू आहे.